येऊ द्या

आप्पांनी तिसऱ्यांदा गाडी मागे घेतली आणि तिसऱ्यांदा ती कशाला तरी धडकली, तेव्हा आमच्या घरात बैठक बसली.

या वेळी अंगणातला पाण्याचा हौद होता. हौदाला काही झालं नाही. गाडीचा मागचा बंपर मात्र एका बाजूने निखळून लोंबत होता. आप्पा उतरले, मागे गेले, कमरेवर हात ठेवून हौदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो हितं कवा बांधला?"

"तुमीच बांधलाय," ओट्यावरून आत्या म्हणाल्या. "प्रमोद पाचवीत हुता तवा. आन् मी मगाधरनं सांगतीया, हौद हाय, हौद हाय."

आप्पांनी ते ऐकलं नाही. ते खाली वाकून बंपर बसतो का बघत होते.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. आप्पा म्हणजे सासरे, महिपती निकम, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळी नोकरी कराड-चिपळूण रस्त्यावर, कुंभार्ली घाटातून, आणि एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांच्या चांगल्या शर्टाला कायम लावलेला असे. शर्ट धुवायला टाकताना बिल्ला काढून ठेवायचं काम माझं. आणि आता हा माणूस स्वतःच्या अंगणात, स्वतः बांधलेल्या हौदाला धडकला होता.

माझे यजमान प्रमोद पुण्यात विमा कंपनीत होते, अपघाताचे दावे तपासण्याच्या खात्यात. शनिवारी घरी यायचे. बैठकीत तेच बोलले, बाकीच्यांनी ऐकलं.

"पहिल्यांदा गेटचा खांब," प्रमोद म्हणाले. "मग भिसे गुरुजींची स्कूटर. आता हौद. आप्पा, मी रोज हेच बघतो. चौथ्यांदा माणूस असतं."

आप्पा टॉवेलाने मान पुसत बसले.

"डोळे तपासले," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने फार चांगले आहेत."

"मग डोळे नाहीत, डोकं असेल. ते कुठं तपासायचं?" प्रमोद म्हणाले. मग त्यांनाच ते लागलं असावं, कारण पुढचं वाक्य हळू आलं. "उंब्रजचे डुबल म्हणून आहेत. त्यांना गाडी पाहिजे. पुढच्या रविवारी बघायला येतील. तोवर किल्ली राजश्रीकडे. राजश्री, मागितली तरी द्यायची नाही."

"आन् आक्का?" आत्या म्हणाल्या.

हाच खरा प्रश्न होता. आक्का म्हणजे आत्यांची थोरली बहीण, चिपळूणला. तिला वारं गेलं होतं. एक बाजू निकामी, बोलणं अर्धं, आणि आत्या दिसल्या की तेवढ्यापुरती ती जेवायची. आत्यांचे गुडघे गेलेले. बत्तीस वर्षं एसटी चालवणाऱ्याच्या बायकोला एसटीची पायरी चढवत नव्हती. म्हणून तर आप्पांनी ही गाडी घेतली होती. दर मंगळवारी नवरा-बायको घाट उतरून चिपळूणला जात, आक्काला जेवू घालून परत येत. गाडी गेली की ते मंगळवार गेले, आणि आक्काकडे फार मंगळवार नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं.

"आई, मी महिन्यातनं एकदा नेईन तुला," प्रमोद म्हणाले.

आत्या पावटे सोलत होत्या. त्यांनी सोलायचा वेग वाढवला. त्यांचा राग असाच निघायचा, डाळ-तांदूळ-भाजीवर.

आता ही गाडी काय चीज होती, ते सांगायला हवं. घेताना मी बरोबर होते. शोरूममधल्या टाय लावलेल्या मुलाने आप्पांना पाऊण तास एकेक गोष्ट समजावली होती. आप्पांनी आयुष्यभर जी गाडी चालवली तिच्यात एक हॉर्न, एक ब्रेक आणि एक देवाचा फोटो होता, त्यामुळे ते सगळं मन लावून ऐकत होते.

"सर, सहा एअरबॅग आहेत. धडक झाली की फुगतात."

"बसायची मान्सं पाच आन् फुगं सहा?" आप्पांनी विचारलं.

मुलगा गोंधळला. आप्पांनीच त्याची सुटका केली. "सावा मास्तरला."

मास्तर म्हणजे कंडक्टर. एसटीत कंडक्टरला मास्तरच म्हणतात. आप्पांचे मास्तर म्हणजे बाबालाल मुलाणी. दोघांची जोडी वीसेक वर्षं एका गाडीवर टिकली होती, आणि अशी जोडी डेपोत दुसरी नव्हती म्हणत. मुलाणी आता मुलाकडे भिवंडीला गेले होते. पण आप्पांच्या बोलण्यातून गेले नव्हते.

पुढे मुलाने सीटखालून गार वारा येतो ते बटण दाखवलं. आप्पा बसले, बटण दाबलं, डोळे मिटले. "बत्तीस वर्सं डाव्या पायाला इंजिनाचा चटका," ते म्हणाले, "आन् आता बुडाखालनं गार वारं. मेल्यावर मिळायचं ते सगळं हितंच मिळालं." मुलाने विनोद समजून हसून घेतलं. आप्पा विनोद करत नव्हते.

दिव्यांची एक करामत आत्यांना फार आवडली होती. गाडी बंद करून कुलूप लावलं तरी समोरचे दिवे थोडा वेळ चालू राहतात, माणूस उजेडात दारापर्यंत पोचावा म्हणून. पहिल्या संध्याकाळी आत्यांनी "आवं, दिवं इजवा, बॅटरी जाईल" म्हणून आरडाओरडा केला. मग मी समजावून सांगितल्यावर त्या पायऱ्या चढायच्या थांबून त्या दिव्यांकडे बघत राहिल्या. "ज्यानं कुणी ह्ये क्येलंय," त्या म्हणाल्या, "त्याच्या घरात म्हातारी असणार." त्यानंतर कधीही दिवे विझल्याशिवाय आप्पा घरात आले नाहीत. अंगणात हात मागे बांधून उभे राहायचे, पाहुण्यांना पोचवायला गेल्यागत.

पूजेच्या दिवशीची फजिती तर गावभर झाली. जोशीकाकांनी काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला आणि विड्याच्या पानाने पाणी शिंपडलं. गाडीला वाटलं पाऊस आला. वायपर आपोआप सुरू झाले आणि त्यांनी स्वस्तिक पुसून, हार ओढून जोशीकाकांच्या अंगावर टाकला. जोशीकाका एवढंच म्हणाले, "देवाने स्वीकारली म्हणायची." दक्षिणा मात्र त्यांनी दोनदा पूजा सांगितल्यासारखी घेतली.

सांगायचा मुद्दा, आप्पांना ही गाडी कळत नव्हती असं नाही. उलट त्यांनी ती मनापासून समजून घेतली होती. पट्टा न लावता कोणी बसलं आणि गाडी टुंग टुंग करायला लागली की म्हणायचे, "मास्तर तिकीट मागतोय, काढा." दार नीट लागलं नसेल आणि वाजलं, की "मास्तर म्हणतोय, दारात हुबं ऱ्हाऊ नगा." गाडीतल्या प्रत्येक आवाजाला ते मास्तर म्हणायचे. आम्ही हसायचो. हसण्यावारी नेण्याची ती गोष्ट नव्हती, हे मला पुढच्या मंगळवारी कळलं.

मंगळवारी सकाळी आत्या जरीकाठाचं लुगडं नेसून, डब्यांत आक्कासाठी मऊ भात आणि ताक बांधून सोप्यात बसल्या. आप्पा चांगला शर्ट घालून माझ्यासमोर उभे राहिले.

"पोरी, किल्ली."

"आप्पा, ह्यांनी सांगितलंय..."

"त्यानं सांगितलंय, मी ऐकलंय. तू न्हाय म्हणलीस तर मी गप बसीन, पर आक्का भुकेली बसली असंल."

मी किल्ली दिली आणि मागोमाग चपला घातल्या. "मी पण येणार," म्हटलं. काय होईल त्याची साक्षीदार तरी असावी, असा माझा हिशेब होता. मला गाडी येत नव्हती. हँडब्रेक तेवढा माहीत होता, कारण शोरूमच्या मुलाने तो माझ्या बाजूने दाखवला होता.

घाटात आप्पांनी गाडी अशी उतरवली की आत्यांच्या मांडीवरच्या डब्यातलं ताक हललं नाही. समोरून ट्रक आला की आधीच बाजूला होत, वळणावर हॉर्न देत, मागच्याला हाताने जा म्हणत. मी मनात म्हटलं, ह्या माणसाच्या हातातून किल्ली काढून घ्यायची म्हणजे पाप आहे. आणि आत्ता हौद आठव, असंही मनात म्हटलं.

आक्काच्या घरासमोर नेहमी मोकळं मैदान असायचं. आप्पा तिथे गोल वळसा घेऊन गाडी लावत, त्यामुळे चिपळूणला कधी मागे घ्यायची वेळच आली नव्हती. त्या दिवशी मैदानात मांडव पडला होता, कोणाच्या तरी बारशाचा. आत्या दारात उतरल्या आणि डबा घेऊन आत गेल्या. आप्पांनी गाडी आक्काच्या परसात मागे घ्यायचं ठरवलं. मी त्यांच्या शेजारच्या सीटवर. मागे जांभ्या दगडाचा कठडा होता आणि कठड्याच्या आत विहीर.

गाडी मागे निघाली. थोड्या वेळाने वाजलं, टुंग. मग टुंग, टुंग. आणि मला शेजारून आप्पांचा आवाज आला. पुटपुटल्यासारखा, पण स्पष्ट.

"आलो. आलो. आलो."

आवाज जलद झाला. टुंग टुंग टुंग टुंग. आप्पांचा पायही जरा जोरात पडला. "आलो आलो आलो, बाबालाल, आलो..."

मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला.

गाडीने गचका खाल्ला आणि थांबली. मी उतरून मागे पाहिलं. कठडा आणि बंपर यांच्यामध्ये माझ्या हाताची वीत बसली नसती. आप्पा काचेतून डोकं बाहेर काढून रागाने म्हणाले, "वडलास कशापायी? मास्तर बोलवत हुता की!"

"कोण बोलवत होता?"

"ह्योच. टुंग टुंग करत हुता न्हवं?"

"आप्पा," मी म्हटलं, "ते टुंग टुंग वाजतं तेव्हा गाडी काय म्हणते, असं तुम्हाला वाटतं?"

"काय म्हणणार? येऊ द्या म्हणती."

आम्ही त्या कठड्यावरच बसलो. आप्पांनी मला समजावून सांगितलं, अगदी शोरूमच्या मुलाच्या शांतपणाने. एसटी मागे घ्यायची असली की मास्तर उतरतो, मागे जातो आणि पत्र्यावर हाताने थापा मारतो. धप, धप, धप, येऊ द्या, येऊ द्या. थाप चालू आहे तोवर यायचं. जोरजोरात थापा म्हणजे रान मोकळं आहे, या बिनघोर. थाप थांबली, बास म्हटलं, की ब्रेक. ड्रायव्हरने मागे बघायचंच नाही. मागचं बघायला मास्तर असतो.

"मी कवाच मागं बगितलं न्हाय," आप्पा म्हणाले. "बाबालाल बगायचा. आन् त्या टायवाल्या पोरानं सांगितलं न्हवं का, सर, मागं घेताना गाडी तुमाला आवाज देती?"

सांगितलं होतं. मी शेजारीच होते. आवाज देते, असंच म्हणाला होता तो. आवाज देणं म्हणजे हाक मारणं, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही.

"आप्पा, ते उलटं आहे," मी म्हटलं. "मागे काही नसलं तर गाडी गप्प असते. काही आडवं आलं की वाजते. जितकं जवळ, तितकं जोरात. ती थांबा म्हणते."

आप्पांनी वळून विहिरीत बघितलं.

"म्हंजे खांबाच्या येळी बी थांब म्हणत हुती?"

"हो."

"स्कूटरच्या येळी बी?"

"हो."

"आन् मी आलो आलो म्हणत हुतो," आप्पा म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आजार कळला म्हणजे माणूस बरा झाला, असं मला वाटलं होतं. घरी आल्यावर अंगणात शिकवणी सुरू केली. हौदापासून लांब, मोकळ्या जागी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. "वाजलं की थांबायचं," मी म्हणायची. "वाजलं की थांबायचं," आप्पा म्हणायचे. मग गाडीत बसायचे, मागे घ्यायचे, टुंग वाजायचं, आणि डबा चेपायचा. दुसरा डबा ठेवला. तोही चेपला. समोरच्या पडद्यावर मागचं चित्र दिसतं, त्यात बघा म्हटलं. त्यांनी बघितलं. पडद्यात डबा मोठा मोठा होत गेला आणि आप्पा त्याच्याकडे बघत बघत त्याच्यावर गेले.

"डोस्क्याला कळालंय गं," गाडीतून उतरून ते म्हणाले. "पायाला कळंना."

आत्या ओट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. मधूनमधून म्हणायच्या, "आवं, जरा हळू," "आवं, डबा आला." आप्पांच्या कानापर्यंत ते पोचायचं नाही. इंजिनाच्या घरघरीत जन्म काढलेल्या माणसाला हळू आवाजातलं बोलणं ऐकू येत नाही, असं मी समजायची. आत्याही तसंच समजत असाव्यात. निदान तसं म्हणायच्या.

शनिवारी प्रमोद आले. मी सगळं सांगितलं. आधी हसले, मग गंभीर झाले.

"म्हणजे त्यांचे डोळे चांगले, डोकं चांगलं, आणि तरी ते धडकणार," ते म्हणाले. "राजश्री, आजार कळला. औषध कुठंय?"

ते चूक बोलत नव्हते, हाच तर त्रास होता.

जेवताना आप्पांनीच विषय काढला. "त्या डुबलाला येऊ दे उद्या," ते म्हणाले. "मी बत्तीस वर्सं कुणाला खरचटू दिलं न्हाय. आता शेवटाला एखांद्याचं पोर गाडीखाली आलं म्हंजे? इकून टाक."

मग ते उठले, खुंटीवरच्या चांगल्या शर्टाचा बिल्ला काढून देवळीत ठेवला आणि हात धुवायला गेले. बिल्ला काढायचं काम माझं होतं.

आत्यांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली.

रविवारी डुबल आले. गोरे, जाडसर, हातात चार अंगठ्या. बरोबर मेहुणा. चहा झाला, पोहे झाले. गाडी शेडात उभी होती, तोंड आत करून. ती मागे घेऊन अंगणात आणल्याशिवाय चारी बाजूंनी दिसणार नव्हती. प्रमोद किल्ली घेऊन उठले.

"त्यास्नी काढू दे," आत्या म्हणाल्या.

"आई, मी काढतो ना."

"त्येंची गाडी हाय. शेवटली खेप त्यास्नी काढू दे."

पाहुण्यांसमोर प्रमोदला नाही म्हणता येईना. त्यांनी किल्ली आप्पांच्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "आप्पा, पाच फूट मागे. बास. हौद लांब आहे, पण पाचच फूट."

आप्पा शेडात गेले. गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

तेवढ्यात आत्या ओट्यावरून उठल्या. भिंतीला धरून एकेक पायरी उतरल्या. मला वाटलं, बाजूला उभ्या राहून शेवटचं बघणार असतील. त्या अंगण ओलांडून थेट हौदापाशी गेल्या आणि हौदाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पदर खोचला. गाडीचं मागचं तोंड शेडातून बाहेर आलं, ते त्यांच्या समोर.

"आई!" प्रमोद ओरडले.

आत्यांनी तिकडे बघितलंही नाही. पाच फूट झाले. आप्पा थांबणार, तेवढ्यात आत्या दोन पावलं पुढे झाल्या आणि हात उचलून डिकीवर थाप मारली. धप. "येऊ द्या."

गाडी क्षणभर घुटमळली. मग निघाली.

धप. धप. "येऊ द्या." आता आत्या एकेक पाऊल मागे सरत होत्या आणि गाडी त्यांच्या हातामागून येत होती. आतून टुंग टुंग सुरू झालं. आम्हाला अंगणात ऐकू येत होतं, म्हणजे आप्पांच्या कानात ते किती भरलं असेल. आत्यांची पाठ हौदाला टेकायला आली. टुंग टुंग जलद झालं, आणखी जलद झालं, आणि मग मधे खंडच राहिला नाही, नुसती शिट्टी. आप्पांचा पाय त्या आवाजाला काय समजतो, ते अंगणात चारच माणसांना माहीत होतं आणि त्यातली एक, गाडी आणि हौद यांच्यामध्ये, उभी होती.

प्रमोद पळाले. मी पळाले. आम्ही दोघंही पोचणार नव्हतो.

आत्यांनी हात खाली घेतला. "बास," त्या म्हणाल्या.

मोठ्याने नाही. आमटीत मीठ पुरे, असं सांगावं तेवढ्याच आवाजात.

गाडी थांबली.

शिट्टी चालूच होती. आप्पांनी इंजिन बंद केलं तेव्हा ती गेली. आत्यांच्या लुगड्याच्या निऱ्या बंपरला लागत होत्या. आप्पांनी काच खाली केली, पण डोकं बाहेर काढलं नाही. मागे बघितलंच नाही.

"आजून येऊ का?" त्यांनी विचारलं.

"नगं," आत्या म्हणाल्या. "बास म्हणले न्हवं."

प्रमोद हौदाच्या काठावर बसले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. डुबलांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून टायर बघितले, मग आत्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गाडी मागं घ्यायला कायम एक बाई लागती का?" त्यांनी विचारलं.

"लागते," मी म्हटलं.

डुबलांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने नकारार्थी मान हलवली.

प्रमोद उठले, पँट झटकली. "साहेब, माफ करा, तुम्हाला उगीच हेलपाटा झाला," ते म्हणाले. "गाडी विकायची नाही." मग आप्पांकडे वळून, दावा मंजूर करताना बोलत असतील त्या आवाजात म्हणाले, "एका अटीवर. आई खाली उतरल्याशिवाय गाडी मागे जाणार नाही. वीतभरसुद्धा नाही. आणि आई, तू बाजूला उभी राहायचं. मागे नाही. बाजूला."

"बरं," आप्पा म्हणाले.

आत्या तोवर पायऱ्या चढत होत्या.

ते दोघं पुढे आक्का असेपर्यंत दर मंगळवारी चिपळूणला जात राहिले, आणि आक्का गेल्यावरही निमित्त काढून जात. गाडी कधी कशाला लागली नाही. पण मला राहून राहून आठवते ती त्याच संध्याकाळची गोष्ट. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. आत्या भाकरी थापत होत्या, मी चुलीपुढे बसले होते. दिवसभर दाबून ठेवलेलं मला आता धरवेना.

"आत्या," मी म्हटलं, "तुम्हाला भीती नाही वाटली? गाडी येऊ द्या, येऊ द्या म्हणत होती त्यांना. आणि तुमचा आवाज तो केवढा. नसते थांबले तर?"

आत्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"लगीन हून चाळीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "त्या मुलाणीनं हात उचलला की एवढी मोठी एस्टी थांबायची. मी घरात काय बी बोलले तरी त्यांच्या कानावरनं वारं. मला वाटायचं, इंजिनानं कान गेल्यात. म्हणून मी कदी बास म्हणलेच न्हाय. म्हणलं आन् न्हाय थांबलं, तर मग काय ऱ्हायलं?"

त्यांनी पिठाचे हात एकमेकांवर झाडले.

"आज आक्कासाटनं म्हणून उतरले खाली. पर तितं हुबी ऱ्हायले आन् म्हणलं, आता बगूयाच. एकदा बास म्हणायचं. थांबत्यात का न्हाय, ते कळू दे."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी मीच हात पुढे करून ती उलटली.

"थांबलं की गं," आत्या म्हणाल्या.